सव्वा मूठ गहू

माझा मोठा भाऊ देव सिद्ध करून, त्याला फाइलमध्ये घालून, एरंडोलहून बसनं घेऊन आला तेव्हा मी वांगी भाजत होते. हिवाळ्याचे दिवस होते, बाजारात भरिताची पोपटी, गुबगुबीत वांगी आली होती. आता गॅसवर वांगं भाजणं हे खानदेशात पापच आहे, काड्यांच्या जाळावर भाजलेलं तेच खरं. पण जळगावात तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत काड्या पेटवल्या असत्या तर सोसायटीच्या सेक्रेटरीनं मलाच पेटवलं असतं. तर मी गॅसवर पाप करत होते आणि भाऊ दारात पुण्य घेऊन उभा.

चपला काढल्या, पाण्याचा ग्लास बाजूला सारला आणि म्हणाला, "बाई, व्हई गयं. सिद्ध व्हई गयं."

"काय?"

"देव."

मी वांगं उलटलं. म्हटलं, "बस. चहा घेशील, का देव सिद्ध झाल्यावर चहा सुटतो?"

भाऊ हसला नाही. तो पाटबंधारे खात्यातला माणूस. पस्तीस वर्षं पाटाच्या चाऱ्या आखल्या, कुठून पाणी वळवायचं आणि कुठे अडवायचं ते ठरवलं. अशा माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी वळवायला लागतंच. बाकीचे निवृत्त लोक शेजाऱ्यांची भांडणं वळवतात, माझ्या भावानं देव घेतला. बरं, घेतला तर घेतला, देवळात जाऊन गप बसायचं ना! नाही. तो तर्कानं सिद्ध करायचा होता. आणि तर्क म्हटला की घरात एकच गिऱ्हाईक, मी.

मी जळगावच्या एका कॉलेजात अकरावी-बारावी कला शाखेला तर्कशास्त्र शिकवलं. तीस वर्षं. हा विषय म्हणजे ज्याला दुसरं काहीच मिळालं नाही त्यानं घ्यायचा विषय. पोरं फॉर्मवर टिक करून यायची आणि पहिल्याच तासाला विचारायची, "मॅडम, हे कशात कामाला येतं?" मी सांगायची, समोरचा कुठं खोटं बोलतोय ते कळायला कामाला येतं. त्यावर एकदा मागच्या बाकावरून उत्तर आलं होतं, "ते तर तोंडावरूनच कळतं, मॅडम." त्या पोराला मी आयुष्यात कधी नापास केलं नाही.

तर भाऊनं टेबलावर फाइल ठेवली. चाळीस पानं, नीट टाइप केलेली. 'तर्काने देवसिद्धी'. शेवटचं पान उघडून त्यानं माझ्यापुढे सरकवलं. वर लिहिलेलं, 'तज्ज्ञांचा अभिप्राय'. खाली रिकामी जागा. त्याखाली माझं नाव आणि 'तर्कशास्त्राच्या निवृत्त अध्यापिका' हे आधीच छापून तयार. फक्त सही बाकी.

"म्हणजे अभिप्राय यायच्या आधी तज्ज्ञ छापून मोकळा?" मी म्हटलं. "आधी कळस, मग पाया."

"तू वाच तर."

मला वाचायची गरज नव्हती. व्हॉट्सअॅपवर चार वर्षं मी तेच वाचत होते. रोज सकाळी साडेसहाला सूर्याचा फोटो, त्यावर शुभ सकाळ, आणि खाली एक सिद्धता. पण भाऊ समोर बसला होता, त्याचा चहा गार होत होता, म्हणून वाचलं.

पहिली सिद्धता पाटाची. पाट दिसला की कोणीतरी खोदला हे कळतं, तसं जग दिसलं की कोणीतरी केलं हे कळतं. मी म्हटलं, "आणि गिरणा नदी कोणी खोदली?"

"देवनी."

"अरे, पण देव आहे हेच तर तुला सिद्ध करायचंय ना? मग तोच साक्षीदार कसा उभा करतोस?"

भाऊ म्हणाला, पुढे वाच. दुसरी सिद्धता अशी की प्रत्येक गोष्टीला कारण असतं, त्या कारणाला कारण असतं, असं मागं मागं गेलं की एक पहिलं कारण लागतं, त्याला मात्र कारण नसतं, तोच देव. मी म्हटलं, "प्रत्येक गोष्टीला कारण असतं हे तुझं पहिलं वाक्य. एका गोष्टीला नसतं हे तुझं शेवटचं वाक्य. ह्यातलं एक खोटं आहे. कोणतं ते तू ठरव, मी भरीत चेचते."

तिसरी सिद्धता त्यानं स्वतः वाचून दाखवली. ती त्याची लाडकी होती. ज्याच्यात कशाचीच उणीव नाही तो देव. नसणं ही मोठी उणीव. म्हणून देव नसूच शकत नाही. वाचून झाल्यावर त्यानं चष्मा काढला आणि माझ्याकडे असं पाहिलं की आता बोल.

मी ताटलीतलं भाजलेलं वांगं त्याच्यापुढे धरलं. "ऐक. ज्याच्यात कशाचीच उणीव नाही असं एक भरिताचं वांगं. बी नाही, कीड नाही, काड्यांवर भाजलेलं, बरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. नसणं ही उणीव. म्हणून ते वांगं आहेच. झालं सिद्ध. आता सांग, ते ताटात का नाही? ताटात हे गॅसवरचं का आहे?"

"वांगानी आनि देवनी तुलना करस तू?"

"मी नाही करत, तुझी सिद्धता करते. ती देवाला चालते तर वांग्यालाही चालली पाहिजे. वांग्याला चालत नसेल तर देवालाही चालत नाही."

भाऊ बोटांनी टेबलाची कड चाचपायला लागला. त्याला राग आला की तो बोलत नाही, असं चाचपतो. लहानपणापासून या माणसानं मला 'तुझं बरोबर आहे' असं एकदाही म्हटलेलं नाही. गणित माझं बरोबर आलं तर म्हणायचा, उत्तर मागं पाहिलं असशील. त्यामुळे त्याला गप्प केलं की मला बरं वाटायचं. वाटतं ते सांगून टाकावं.

मग तो खाली बघत बोलला. "बाई, देव शे हाई पक्कं व्हयनं ना, मंग तो कोठे तरी शे."

हा 'तो' देव नव्हे. 'तो' म्हणजे त्याचा मुलगा. चार वर्षांपूर्वी हायवेच्या कामासाठी रस्त्यात टाकून ठेवलेल्या मुरमाच्या ढिगावर त्याची मोटारसायकल गेली. चोवीस वर्षांचा होता. माझा एकुलता एक भाचा. आत्याला 'मास्तरीण' म्हणणारा, माझ्या फ्रिजमधलं लोणचं चोरून खाणारा. त्याच्यानंतर दोन महिन्यांनी भाऊच्या सिद्धता सुरू झाल्या. म्हणजे मला सगळं माहीत होतं. भाऊला देव नको होता, त्याला मुलाचा पत्ता हवा होता, आणि त्या पत्त्यावर माझी सही हवी होती. खोटं बोलून देऊन टाकायला काय जात होतं?

पण मी काय म्हटलं? मी म्हटलं, "देव आहे इथपासून पोरगा आहे इथपर्यंत मधल्या पायऱ्या कुठं गेल्या? तेवढ्या लिहून आण, मग बघते."

अशी मी. जीभ की कातर. भाऊ भरीत न खाता गेला.

इथं एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे श्रावणात कानबाई, खानदेशची देवी, बसते. तिच्या आदल्या दिवशी रोटाचे गहू काढतात. घरात जेवढे पुरुष, तेवढ्या मुठी. अगदी एकेक मूठ नाही, सव्वा. भरलेली मूठ आणि वर पाव. म्हाताऱ्या आजोबांची सव्वा मूठ, पाळण्यातल्या पोराची सव्वा मूठ. ते दळून त्याचे नैवेद्याचे रोट होतात आणि ते फक्त घरच्यांनी खायचे. घरातला कर्ता मूठ काढतो आणि दुसरा कोणी मोठा एकेकाचं नाव घेतो. सात वर्षांची असताना मी सगळ्यांची नावं संपेपर्यंत वाट पाहिली आणि विचारलं, "मनी मूठ?"

सगळे हसले. बायकासुद्धा. माय म्हणाली, "पोरीसनी मूठ नही ऱ्हात. तू सासरनी."

"मंग सासरी मनी काढतीन?"

"तठे नवरानी काढतीन."

मी हिशेब केला. इथे नाही, तिथेही नाही. मग मी आहे कुठं? मायनं सांगितलं, जास्ती डोकं नको चालाडू, आणि मला पाणी आणायला पाठवलं. तर्कशास्त्र मी कॉलेजात शिकले असं माझ्या सर्टिफिकेटवर आहे, पण त्याचा पहिला तास तो. पुढे लग्न केलं नाही, तेव्हा सासरचाही प्रश्न मिटला. सुंठेवाचून खोकला गेला. बाविसाव्या वर्षापासून मी कानबाईला गावी जाणंच सोडलं. जिथे माझी मोजणी नाही तिथे मी जेवायला कशाला जाऊ? नोकरी होती, पेपर तपासायचे होते, सबबींना काय तोटा. छत्तीस वर्षं गेले नाही.

फाल्गुनात धुळ्याच्या एका ज्येष्ठांच्या मंडळानं परिसंवाद ठेवला. 'तर्काने देव सिद्ध होतो काय?' होतो म्हणणारा वक्ता आमचा भाऊ. नाही म्हणणारा एक निवृत्त विज्ञान शिक्षक. आणि अध्यक्ष मी. माझं नाव भाऊनंच सुचवलं होतं. फोनवर म्हणाला, "तठे चार लोकसमोर ऐक, मंग सहीनं ठराव." त्याचा हिशेब मला दिसत होता. घरात बहीण काहीही बोलो, चार लोकांत ती भावाला पाडणार नाही. भाऊचे हिशेब पाटाच्या पाण्यापुरते बरोबर असतात.

मी, भाऊ आणि वहिनी एकाच गाडीनं गेलो. वहिनी मागं बसली होती, मांडीवर फाइल घेऊन, जशी काही पूजेची थाळीच. तिनं मला एवढंच विचारलं, "ताई, सही करशात ना?" मी म्हटलं, बघू. खरं म्हणजे मी तेव्हा अर्धी वितळले होते. दोन ओळी लिहून द्याव्या, 'लेखकाची तळमळ स्तुत्य आहे' वगैरे, आणि सुटावं, असं पारोळ्यापर्यंत ठरत आलं होतं.

पण सभा म्हणजे काय, तुम्हाला माहीतच आहे. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, प्रास्ताविकाचं प्रास्ताविक. शाल ती पण फाल्गुनात, धुळ्याला! मग विज्ञान शिक्षक उठले आणि म्हणाले, देव नाही हे विज्ञानानं केव्हाच सिद्ध केलंय. कधी केलं, कुठल्या प्रयोगशाळेत केलं, नळीत घालून तापवलं की काय, काही सांगितलं नाही. वर हसत होते, जणू देव त्यांच्या घरी येऊन 'मी नाही' असं सांगून गेलाय. मला अशा लोकांची भारी चीड येते. देव मानणारा निदान घाबरून मानतो, हे नुसतं ऐटीत नाही म्हणतात.

मग भाऊ उठला. पाट, पहिलं कारण, उणीव, तीच फाइल. पण लोकांपुढे त्याचा आवाज चढला, आणि उणिवेच्या सिद्धतेपाशी आल्यावर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "याला वांग्याची उदाहरणं देणारे विद्वानही आहेत." लोक हसले. झालं. माझी वितळलेली अर्धी बाजू तिथल्या तिथे गोठली.

अध्यक्षीय भाषणात मी आधी विज्ञान शिक्षकांना सोललं. नाही हे सिद्ध केलं म्हणता, तर कसं ते दाखवा, नाहीतर माहीत नाही म्हणा, त्यात अब्रू जात नाही. टाळ्या पडल्या. मग भाऊकडे वळले. वांगं तर त्यानं आधीच वापरून घेतलं होतं, मला नवीन उदाहरण हवं होतं. ते जिभेवर आपोआप आलं. पन्नास वर्षं तिथेच बसलं होतं ना.

मी म्हटलं, "आपण सगळे कानबाईवाले. रोटाला घरातल्या दर पुरुषाची सव्वा मूठ काढतो. समजा मी उद्या एक मूठ जास्त काढली आणि म्हटलं, ही माझ्या नवऱ्याची. मला नवरा नाही. पण मूठ तर काढली! मग तो संध्याकाळी रोट खायला येईल का? मूठ काढली म्हणून माणूस होत नाही. व्याख्या केली म्हणून देव होत नाही."

हॉल हसून लोटपोट झाला. एक म्हातारा तर खुर्चीवरून पडता पडता राहिला. मीही हसले. मग भाऊकडे पाहिलं. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. त्यानं फाइल मिटली, तिची नाडी बांधली, गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. पुढच्या रांगेतली वहिनी उठून बाहेर गेली.

आभार झाल्यावर मी वहिनीला शोधत गेले. ती व्हरांड्यात पाण्याच्या टाकीपाशी नळ सोडून उभी होती. हात धूत होती, धुऊन झाले तरी धूत होती. मी म्हटलं, "वहिनी, असं काय मनाला लावून घेता? वादात असंच बोलतात."

ती म्हणाली, "ताई, तुमनं बरोबरच व्हतं. फक्त ती मूठनं बोलाले नको व्हतं."

"का?"

"ते आजूनबी पोऱ्यानी मूठ काढतस. दर साल. बठ्ठासनी नावे सरनी का सगळाना शेवटले एक काढतस, नाव न लेता. आबा तवय भितकडे तोंड फिराई लेतस. बठ्ठासले माहीत शे. तुमी येतसच नहीत, तुमले कोन सांगी?"

आबा म्हणजे आमचे काका, घरात सगळ्यांत मोठे. नावं घ्यायचं काम त्यांचं. नियमानं एवढे कडक की मेलेल्याची मूठ निघाली तर परात पालथी करतील. ते, सगळी नावं संपल्यावर भाऊ बिननावाची मूठ काढायचा तेव्हा, भिंतीकडे बघायचे.

मी नळ बंद केला. तीस वर्षं पोरांना शिकवलं की उदाहरण जपून निवडा, आणि स्वतः काय निवडलं! हात दाखवून अवलक्षण. तेही दोनशे लोकांत, टाळ्या घेऊन.

परत येताना धुळं मागं पडलं. पारोळा गेलं. मी दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. माफी मागावी तर कशाची? चुकीचं तर काही बोलले नव्हते, हीच तर सगळी घाण होती. एरंडोलला भाऊ उतरला, वहिनी उतरली. त्यानं खिडकीतून माझी शाल आणि नारळ आत दिला आणि म्हणाला, "तुना ऱ्हाई गया."

दुसऱ्या दिवशी साडेसहाला सूर्य आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चार वर्षं ज्या शुभ सकाळला मी शिव्या घातल्या, तिच्यासाठी मी आता सहा वाजल्यापासून फोन हातात धरून बसायची. आहे की नाही गंमत! मी फोन केला तर तो ऊन किती आहे ते सांगे, विहिरीला पाणी किती ते सांगे. पुस्तकाचं विचारलं तर म्हणाला, "ते रद्द व्हई गयं." बस. देवाचं नाव नाही, मुलाचं नाव नाही. वहिनी म्हणाली, फाइल माळ्यावर टाकली आहे.

मी जिंकले होते. असं जिंकण्यापेक्षा गाढवापुढे गीता वाचलेली बरी, निदान गाढव फाइल माळ्यावर टाकत नाही.

श्रावणात, कानबाईच्या आदल्या दिवशी, मी गावी गेले. बोलावणं नव्हतं, मला कोणी बोलावणंच सोडलं होतं. दारात पाहून वहिनीनं माझ्या हातातली पिशवी घेतली. भाऊ ओट्यावर बसला होता. म्हणाला, "वाट चुकनी का?" मी म्हटलं, "हो." आम्ही दोघांनी तेवढ्यावर भागवलं.

दुपारी पुढच्या खोलीत मंडळी जमली. मध्ये गव्हाचं पोतं, त्याच्यापुढे पितळी परात. पोत्याशी भाऊ, अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून. समोर आबा. पुरुष खोलीत, बायका दाराशी, म्हणजे मीही दाराशी. छत्तीस वर्षांत जागा हललेली नव्हती.

आबा नाव घेत, भाऊ सव्वा मूठ काढी. आधी आबांची स्वतःची. मग भाऊची. मग चुलते, चुलतभाऊ, त्यांची पोरं. एक पुण्याला, एक सुरतेला, एक तुरुंगात जाऊन आलेला, एक दहा वर्षं ज्यानं घराकडे ढुंकून पाहिलं नाही. त्या सगळ्यांची निघाली. महिनाभराचं एक पोर, अजून मान धरत नाही, त्याचीही निघाली, आणि त्याची आई दाराशी माझ्या शेजारी उभी होती, डोळ्यांखाली काळं, तिची नाही. मला जुनाच राग आला. बरं वाटलं, निदान ओळखीचा होता.

नावं संपली. आबांनी सवयीनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिथे कॅलेंडर होतं, ते बघत बसले. सगळे वाट बघत होते, आणि मला कळलं की दरवर्षी हे सगळे असेच वाट बघतात; एवढे भांडकुदळ लोक, पण ह्या एका मुठीपुरते गप्प.

भाऊचा हात पोत्यावर होता. तो तिथेच राहिला. मग त्यानं हात मागं घेतला आणि धोतराला पुसला.

"झायं," तो म्हणाला.

आबा दचकून वळले. "झायं?"

"झायं, आबा. मूठ काढी म्हनीसन मानूस व्हत नही. बाई धुळाले सांगी ऱ्हायनती." मग त्यानं दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. "तिनं बरोबर शे."

आयुष्यभर ऐकायचं होतं ते ऐकलं. वहिनीनं पदर तोंडात धरला. परातीतली रास मला लहान दिसायला लागली. किती ते मी मोजलं नव्हतं, पण लहान.

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. त्याच्यावर, माझ्यावर, आबांवर, त्या कॅलेंडरवर. "कपाळ बरोबर!" मी म्हटलं आणि सरळ खोलीत गेले. पोत्यात हात घातला आणि मूठ भरून परातीत टाकली.

"अय, अय, बाई!" आबा ओरडले. "हाई काय? कोनी मूठ?"

"मनी."

"बाईमानूसनी मूठ ऱ्हास का कधी?"

"नाही राहत. माहीत आहे मला, आबा. सात वर्षांची होते तेव्हापासून माहीत आहे." मग भाऊला म्हटलं, कारण बाकीच्यांशी मला घेणंदेणं नव्हतं, "अठ्ठावन्न वर्षं झाली. या घरात माझी मूठ एकदाही निघाली नाही. मी आहे का नाही?"

त्यानं आबांकडे पाहिलं.

"बोल ना. आहे का नाही?"

"शेस," तो म्हणाला.

"मग? मूठ काढली म्हणून माणूस होत नाही, हे खरं. पण मूठ नाही काढली म्हणून माणूस नसतो, असंही नाही. धुळ्याला मी अर्धंच बोलले. टाळ्या पडल्या, मी थांबले."

माझा आवाज फुटत होता आणि मला त्याची लाज वाटत होती. भाऊनं बोटांनी परातीची कड चाचपली. मग लहान मुलासारखं, हळूच विचारलं, "मंग तो शे?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. वहिनी बघत होती. त्या वेळी 'हो' म्हणायला दीड अक्षरसुद्धा लागत नव्हतं.

"माले माहीत नही, भाऊ," मी म्हटलं. "देवनंबी माहीत नही. खरंच माहीत नही."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. खाली वाकून माझी परातीतली मूठ पाहिली. ती इतरांपेक्षा वेगळी, कडेला पडली होती.

"हाई एकच शे," तो म्हणाला. "सव्वा लागस. वरनी पाव ऱ्हायनी तुनी."

आणि त्यानं पोत्यात हात घातला. पाव काढायची होती. हात वर आला तो गच्च भरलेला होता, बोटांतून गहू सांडत होते, आणि आबांनी पुन्हा कॅलेंडरकडे तोंड फिरवलं.